ऊन पचेपर्यंत

मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मंजुषा गच्चीवर पडली. ठेच लागून पडली नाही. उभी होती ती पायातलं बळ सरल्यासारखी आधी खाली बसली, मग आडवी झाली. हातातला स्टीलचा पेला घरंगळत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबला. एप्रिल संपत आला होता, आदिलाबादचा पारा आदल्या दिवशी त्रेचाळीसला टेकला होता, आणि गच्चीवर तिच्याखेरीज एकच माणूस होतं. तिची आई, भागीरथा.

"आई," मंजुषा पडल्या पडल्या म्हणाली, "समोरच्या गच्चीवरचे कपडे कोणी नेले व?"

कपडे कोणी नेले नव्हते. समोरच्या तारेवर दोन लुगडी आणि एक पिवळा टॉवेल लख्ख उन्हात लटकत होता. भागीरथेने कपडे पाहिले, लेकीचे डोळे पाहिले आणि पदराने तिचं तोंड पुसत ती म्हणाली, "असू दे. सावलीत चाल. उतरते आता."

ती घाबरली नव्हती. गेला दीड महिना असंच चाललं होतं. उन्हात लेकीचे डोळे मंदावत, पाय जड होत, आणि सावलीत आणलं की उतरत असे. भागीरथेच्या हिशेबी हे बरं होण्याचंच लक्षण होतं.

ऊन ही एकच गोष्ट तिला नीट कळत होती. वय बासष्ट. त्यातली चाळीसेक वर्षं तामसीकडच्या गावांत दुसऱ्यांच्या शेतात गेली, कापूस वेचण्यात आणि ज्वारी सोंगण्यात. नवरा नागनाथ लवकर गेला. मागे एकच पोरगी. तिच्याबद्दल भागीरथेने एकच गोष्ट मनाशी धरली होती: ही सावलीत काम करील. उन्हाळ्याच्या सुटीत बरोबरीच्या पोरी रानात धसकटं वेचायला जात, मंजुषा घरात पुस्तक घेऊन बसे. बांधावरच्या बायका टोमणे मारत, "काय व भागीरथे, पोट्टी लोणच्यात घालतं का? एवढी झाकून ठेवली थे?" भागीरथा हसून म्हणे, "हो, मुरू दे. मंग पायजा."

पोरगी मुरली. डी.एड. झाली, परीक्षा पास झाली, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत लागली. आदिलाबादेत घर झालं. सकाळी तामसीची बस धरायला निघताना ती डोक्याला ओढणी गुंडाळी, हातात मोजे घाली, वरून छत्री. शाळेच्या खोलीत पंखा होता. दंडाचा रंग मनगटापर्यंत एकसारखा होता, मजुराच्या अंगावर असते तशी उन्हाची रेघ त्याच्यावर कुठे नव्हती. भागीरथा कधीकधी लेकीचा हात हातात घेऊन तो नुसता पाहत बसे.

डिसेंबरात त्या लेकीचा डावा डोळा दुखायला लागला. हलवला की दुखे. आठवडा व्हायच्या आत फळ्यावरचं आपलंच अक्षर तिला त्या डोळ्याने वाचता येईना. आदिलाबादच्या डॉक्टरने डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि नागपूरला न्या म्हणाला.

नागपूरच्या डॉ. देवतळे मेंदूच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीची, बारीक अंगाची, घाई न करता बोलणारी बाई. त्यांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. राखाडी रंगात चार-पाच पांढरे ठिपके होते.

"विजेच्या वायरीवर प्लॅस्टिक असतं ना," त्या म्हणाल्या, "तसं मेंदूतल्या तारांवर आवरण असतं. आपल्या अंगात रोगाशी लढणारी फौज आहे, तीच चुकून ते कुरतडते. कुठली तार उघडी पडेल ते आधी सांगता येत नाही. डोळ्याची, पायाची, हाताची. या वेळी डोळ्याची."

मंजुषाचा नवरा जीवन उटनूरला आदिवासी विकासाच्या कचेरीत कारकून होता. कागदावरचं आजाराचं नाव त्याने वाचलं आणि कागद दुमडून खिशात ठेवला. मंजुषाने फक्त विचारलं, "काऊन झालं हे?"

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. व्हिटॅमिन डी सहा होतं. निदान तीस तरी हवं.

"हे उन्हातून मिळतं. ज्यांच्यात हे कमी असतं त्यांच्यात हा आजार जास्त आढळतो, एवढं माहीत आहे. पण याच्या कमीमुळेच तुम्हाला झाला असं मी म्हणणार नाही. आणि हे भरून काढलं की आजार जाईल असं तर मुळीच समजू नका. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या. आजारावर काम करते ती ही कॅप्सूल, रोज दोन वेळा. ती सोडायची नाही." मग जराशाने त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. अंग तापलं की दिसणं धूसर होईल, पाय जड होतील. ताप आला, गरम पाण्याने अंघोळ केली, उन्हात गेलात, कशानेही. त्याला घाबरू नका, थंडाव्यात उतरेल. दिवसभरात उतरलं नाही, तर मात्र त्याच दिवशी मला फोन."

भागीरथा भिंतीशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिने त्यातलं तिच्या ओळखीचं तेवढं उचललं. लेकीत ऊन कमी आहे. घाबरायचं नाही. उतरते.

घरी आल्यावर भागीरथा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "म्याच झाकून ठेवलं तुले."

"आई, डॉक्टरने तसं नाई सांगतलं."

"लेकरू उपाशी हाये हे मायले कोणी सांगा लागते का?"

सलाईनमधून औषध गेलं आणि डावा डोळा बराचसा परत आला. रंग तेवढे त्याला फिके दिसत. मंजुषा शाळेत जाऊ लागली. कोणी विचारलं तर सांगे, व्हिटॅमिन कमी निघालं. हा शब्द तिला बरा वाटे. व्हिटॅमिन कमी असलेल्या माणसाची कोणी कीव करत नाही, आणि कमी असलेली गोष्ट भरून निघते. त्या दुसऱ्या नावात भरून निघण्यासारखं काही नव्हतं.

कॅप्सूलचं वेगळं होतं. ती घेतली की तासाभरात तोंड लाल होई, कान तापत, छातीपर्यंत आग उठे. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, जेवणासोबत घ्या, महिन्या-दोन महिन्यांत कमी होईल म्हणून. पण बसमध्ये शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "अक्का, नवऱ्यानं मारलं काय?" मंजुषा पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

मार्चात शाळा ओंटीपूट झाल्या. उन्हाळ्यात तिकडे शाळा सकाळच्या एका वेळेलाच भरते, तिला मास्तरही याच तेलुगू नावाने ओळखतात. मंजुषा दुपारी लवकर घरी येऊ लागली, आणि भागीरथेने तिला गच्चीवर न्यायला सुरुवात केली.

दुपारची वेळ जीवनने सुचवली होती. त्याच्या कचेरीतल्या एकाने मोबाईलवर पाहिलं होतं की सकाळच्या कोवळ्या उन्हात ते व्हिटॅमिन फार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं. भागीरथेला हे ताबडतोब पटलं. तिने सगळा जन्म सावली पाहूनच सुटीची वेळ ओळखली होती.

"तुमचा तो साहेब शेतात काम केलेला दिसते," ती जावयाला म्हणाली.

"नाई व मामी, त्यानं त कधी कुंडीतलं झाड नाई लावलं," जीवन म्हणाला आणि तिघंही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसत होतं.

पहिल्याच दिवशी मंजुषाच्या डोळ्यापुढे धुरकट आलं. ती सावलीत आली, पेलाभर पाणी प्याली, आणि पाणी संपायच्या आत उतरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. भागीरथेला मात्र डॉक्टरांच्या सांगण्याची गरजच नव्हती. हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

कामावर नवी बाई आली की पहिल्या आठवड्यात तिला ऊन लागायचंच. भोवळ यायची, डोळ्यापुढे काळोख, ओकारी. जुन्या बाया तिला पळसाखाली बसवत, डोक्यावर पाणी मारत, कांदा हुंगायला देत, थोडी आंबील पाजत आणि पुन्हा ओळीत उभी करत. याला त्या म्हणत, ऊन पचून राह्यलं. दुसरा आठवडा लागला की ते पचे आणि बाई मोकळी होई. त्यांचा एकच नियम होता, आणि तो कोणी मोडत नसे: सुरू केलं की मध्येच सोडायचं नाही. पहिल्या भोवळीला जी घरी पळाली तिच्यावर ऊन उलटतं, ती पुन्हा कधी उन्हात उभी राहत नाही. भागीरथेने अशा दोन-तीन बाया पाहिल्या होत्या. निदान तिला तसं आठवत होतं.

कॅप्सूल त्याच हिशेबात बंद झाली.

"गरमावर गरम नोको," भागीरथा म्हणाली. "थे गोळी आग करते, वरून ऊन. अंग कुठलं कुठलं पचवन? ऊन पचू दे, मंग गोळी घे. पळून चालली का थे?"

मंजुषाने थोडा वेळ विचार केला. होळीच्या आदल्या दिवसापासून कॅप्सूलच्या पट्ट्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे गेल्या. जीवनला दोघींनी सांगितलं नाही. दर शनिवारी तो उटनूरहून आला की विचारे, "गोळी चालू हाये ना?" मंजुषा म्हणे, "हाये."

पुडी मात्र चुकली नाही. आठवड्याची पुडी भागीरथा स्वतः दुधात ढवळून देई.

एप्रिलच्या सुरुवातीला राहीबाई आली. राहीबाई भागीरथेच्या वयाची, तिच्यासोबत एकाच ओळीत राबलेली, अजूनही कामाला जाणारी. बाजाराला आली की जयभीम घालून जाई. ती जिना चढून गच्चीवर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय व भागीरथे, मास्तरणीले पापडावानी वाळू घातलं का?"

"तिच्यात ऊन कमी निंगालं. डॉक्टरनं रक्तात मोजलं."

"रक्तात ऊन मोजते? अग माय!" राहीबाईने डोळे मोठे केले. "मंग माह्यं मोजलं त मशीनच फुटन."

मंजुषा मोठ्याने हसली. "मावशे, तुह्यं मोजाले थर्मल पॉवरवाले येतीन."

हसत हसतच ती उठली आणि जिन्याकडे निघाली. कठड्याला धरायला तिने हात टाकला तो कठड्याच्या वीतभर अलीकडे, हवेतच. तोल गेला, तिने सावरला, आणि काहीच न झाल्यासारखी खाली उतरून गेली.

राहीबाईचं हसणं थांबलं. "पोट्टीचा हात चुकला व."

"ऊन पचून राह्यलं."

"किती दिस झाले?"

"महिना होईन आता."

ओळीत उभ्या राहिलेल्या कोणालाच ऊन पचायला महिना लागत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. राहीबाईने पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरले दाखवजो."

"सावलीतलं अंग हाये," भागीरथा तिच्या पाठीमागून म्हणाली. "तिले येळ लागनच."

तिला खरोखरच वेळ लागत होता. आधी पेलाभर पाण्यात उतरायचं ते आता चहा होईपर्यंत उतरेना. मग संध्याकाळी वंदनेला बसायची वेळ होई, तेव्हा कुठे मंजुषाला मूर्तीसमोरच्या मेणबत्तीची ज्योत एक दिसे. तोवर तिला दोन दिसत. चौदा एप्रिलला ती पांढरी साडी नेसून मिरवणुकीत थोडी चालली. परत येऊन म्हणाली, "आई, डाव्या डोळ्याने झेंडा मळका दिसते हे त मले माहीत हाये. आज उजव्यानंबी तसाच दिसला."

"धूळ किती होती," भागीरथा म्हणाली.

मंजुषाने ते मान्य केलं. ती शिकलेली होती, डॉक्टरांचं वाक्य तिला पाठ होतं: थंडाव्यात उतरेल. तिच्या दृष्टीने ते उतरतच होतं. दुपारचं संध्याकाळपर्यंत उतरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्ची. उतरायला लागणारा वेळ रोज थोडा थोडा वाढतो आहे, ही गोष्ट दोघींच्याही समोर होती, आणि दोघींनीही ती एकमेकींना बोलून दाखवली नाही. मग उन्हाळ्याची सुटी लागली. आता शाळेची आडकाठी राहिली नाही, आणि ऊन ऐन डोक्यावर असताना गच्चीवर जाता येऊ लागलं.

मंगळवारी ती पडली ती अशी.

भागीरथेने तिला काखेत हात घालून जिन्याच्या सावलीत आणलं, डोक्यावर पाणी मारलं, ओलं फडकं पोटऱ्यांवर ठेवलं. दुपार गेली. समोरच्या बाईने तारेवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, आत नेले. मंजुषा त्या दिशेला पाहत होती, पण तिला फक्त काहीतरी हलतंय एवढं कळत होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आई, फडकं काढलं का तू?"

फडकं तिच्या पायावरच होतं.

"नागपूरले फोन लाव," मंजुषा म्हणाली. "दिवसभर म्हणाल्या होत्या त्या."

"दिवस कुठं झाला? दुपारी पडलं तू." भागीरथेचा आवाज नेहमीसारखा होता, हात मात्र फडकं पुन्हा पुन्हा पिळत होते. "एवढं केलं, अन आता अर्ध्यात सोडतं? उलटन ते. सकाळलोक दम धर, माय. सकाळी नाई उतरलं त मीच लावतो फोन."

मंजुषाने दम धरला. नुसत्या आईच्या शब्दावर तिने तो धरला नाही. फोन लावला की पहिला प्रश्न कॅप्सूलचा येणार, हे तिला माहीत होतं.

सकाळी भागीरथा चहा घेऊन आली तेव्हा मंजुषा खाटेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तोंड भिंतीकडे.

"लाइट गेली का?" तिने विचारलं.

खिडकी उघडी होती. खोलीभर ऊन पडलं होतं. भागीरथेने चहाचा कप खाली ठेवला, लेकीच्या डाव्या डोळ्यावर हात धरला आणि उजव्यासमोर आपली बोटं नाचवली. हा चांगला डोळा; डाव्याला कालपासून नुसता धूर दिसत होता. मंजुषाची पापणी हलली नाही.

फोन भागीरथेने लावला. "जीवनराव," ती म्हणाली, "गाडी घेऊनच या."

पांढरकवड्याच्या रस्त्याने गाडी निघाली. मंजुषा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. पैनगंगेच्या पुलावर जीवनने आरशात पाहून विचारलं, "गोळ्यांच्या पट्ट्या आणल्या का सोबत? डॉक्टर विचारन."

"फ्रिजात हायेत," मंजुषा म्हणाली.

"किती उरल्या?"

मंजुषाने तोंड आईच्या पदरात वळवलं. जीवनने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि वळून दोघींकडे पाहिलं.

"बंद केल्या," भागीरथा म्हणाली. "म्या सांगतलं तिले. ऊन पचेपर्यंत."

"मामी, उन्हाची पीएचडी तुमाले कोणत्या युनिव्हर्सिटीनं दिली व?"

"तुमीच त सांगतलं ना, सावली आखूड पायजे मनून."

जीवनने हँडब्रेक सोडून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मंजुषा डोळे मिटून म्हणाली, "अहो, मी लहान नाई. माह्या हातानं ठेवल्या म्या त्या बरणीमागं."

नवा फोटो निघाला. जुन्या ठिपक्यांच्या शेजारी नवे होते, आणि एक लांबट डाग पाठीच्या कण्यात. डॉ. देवतळेंनी सलाईन सुरू केलं आणि मग बाहेरच्या बाकावर भागीरथेच्या शेजारी येऊन बसल्या.

"कॅप्सूल कधीपासून बंद?"

"होळीपासून."

"आणि ऊन?"

"तवापासूनच." भागीरथेने सगळं सांगितलं. पळसाची सावली, आंबील, अर्ध्यात न सोडण्याचा नियम. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही.

"उन्हाने हा डाग पडला नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "उन्हात जे होत होतं ते उतरणारंच होतं. पण औषध नव्हतं, म्हणून त्याच्याआडून खरा आजार चाल करून आला. तो कधी आला ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही त्यालाही ऊनच समजत होतात."

"तिच्यात ऊन भरलं का पण?" भागीरथेने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. रिपोर्ट आला होता. "भरलं. एकेचाळीस आहे आता. पुडीनेच भरत होतं. अगदी हवं तेवढं आहे."

"तरी झालं?"

"तरी झालं."

भागीरथेने बाही वर सारली आणि हात पुढे केला. काळाभोर, शिरा उठलेला, मनगटावर बांगडीखाली तेवढा फिका. "माह्यं रक्त घ्या. चाळीस वर्षं उन्हात काढले म्या. माह्यातलं काढा अन तिले द्या. पोटच्या लेकीले चालत असन."

"तसं काढून देता येत नाही."

"मोजा त खरं."

डॉक्टर नाही म्हणणार होत्या. पण ही बाई आल्यापासून बाकावरून उठताना दर वेळी गुडघ्यावर हात रेटत होती, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली.

शुक्रवारी भागीरथेचा आकडा आला. पाच. डिसेंबरातल्या मंजुषाहूनही कमी.

भागीरथेचा विश्वास बसला नाही. तिने जीवनकडून तो पुन्हा वाचून घेतला. मग डॉक्टरांकडे गेली. "मशीन बिघडली असन."

"मशीन ठीक आहे. मागचं ऊन अंगात साठून राहत नाही. काही वर्षं तुम्ही घरातच आहात, वय झालं, कातडी आता पूर्वीसारखं काम करत नाही. शेतातही अंग झाकलेलंच असायचं. यातलं नेमकं कशामुळे ते मला सांगता येणार नाही."

"मंग मले काऊन नाई झालं तिचं दुखणं?"

"माहीत नाही," डॉ. देवतळे म्हणाल्या.

भागीरथेसाठीही आठवड्याची पुडी लिहून दिली गेली. तिने ती पिशवीत ठेवली. अजून फोडलेली नाही.

शनिवारी दुपारी वॉर्डच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. आधी फरशीवर, मग खाटेच्या पायाशी, मग चादरीवरून सरकत मंजुषाच्या हातापर्यंत. भागीरथा पडदा ओढायला उठली. पडद्याला हात लावला आणि तशीच उभी राहिली. पडदा तिने ओढलाही नाही आणि सोडलाही नाही.

"आई," मंजुषा म्हणाली, "ऊन आलं का?"

भागीरथा गर्रकन वळली. "दिसलं तुले?"

"नाई. हाताले गरम लागलं."

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आल्या. सलाईनचा चौथा डोस सकाळीच झाला होता, पाचवा आणि शेवटचा रविवारी होता. आल्या दिवशी न हललेल्या डाव्या पायाची टाच खाटेवरून जराशी उचलली जात होती. डावा झाकून उजव्या डोळ्यावर त्यांनी बॅटरी मारली, बंद केली, पुन्हा मारली. दर वेळी मंजुषा सांगत होती, आता आहे, आता नाही. सहा वेळांपैकी चार वेळा तिचं बरोबर आलं. समोर धरलेली बोटं किती, ते तिला सांगता आलं नाही. पुढची तपासणी सोमवारी आहे.